चालती भिंत

ज्ञानेश्वर महाराजांनी भिंत चालविली त्या गोष्टीला सातशेहून अधिक वर्षं होऊन गेली. मी चालविली ती परवाच्या दिवाळीनंतर. दोन्हींत फरक आहे, हे मी आधीच कबूल करतो. त्यांची भिंत पहिल्या आज्ञेला निघाली. माझी सतराव्या आज्ञेला कशीबशी हलली, आणि पुढे रोज सकाळी आठ वाजता अडून बसू लागली. त्यांच्या भिंतीवर चार भावंडं होती; माझ्या भिंतीवर एक म्हैस आहे. त्यांच्या भेटीला चांगदेव वाघावर बसून आले. माझ्या मदतीला आमचा भाचा पुण्याहून मोटारसायकलवर बसून आला.

एवढ्या मोठ्या गोष्टीशी आपली बरोबरी लावायची म्हणजे आगाऊपणाच. पण मी पडलो नगर जिल्ह्याचा. भिंत चालली आळंदीला हे खरं. पण तिच्यावर बसलेल्या ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती आमच्या नेवाशाला, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. ज्या खांबाला टेकून सांगितली म्हणतात, तो पैसाचा खांब अजून तिथं उभा आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांची समाधी पुणतांब्याला. तेही आमच्याच जिल्ह्यात. पुढे १९४० साली प्रभात कंपनीनं 'संत ज्ञानेश्वर' बोलपट काढला आणि दामले-फत्तेलालांनी ती भिंत पडद्यावर चालवून दाखवली. तेव्हा ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक कुठले? १९१८ साली नगरात जन्मलेले! तेव्हा भिंती चालवणं हा आमच्या जिल्ह्याचा जुना धंदाच आहे असं कुणी म्हटलं, तर मी तरी वाद घालणार नाही. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण एस.टी.त बसलं की माझ्या तोंडून अजून "एक नगर" असंच निघतं, आणि कंडक्टर तिकीट देतो. माणसाला जुनं नाव चालतं. संगणकाला चालत नाही. त्याच्याकडे एका अक्षराचा बदल झाला तरी 'अशी फाइल नाही' म्हणून तो हात झटकून मोकळा होतो. हे ज्ञान मला फार महागात मिळालं, आणि तीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात झाली आईच्या खुब्यापासून. आमचं मूळ गाव नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठावर. माळवदी घर, हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती, आणि मागच्या भिंतीला नदीकडे उघडणारी एक खिडकी. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी आई अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती नगरला आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये आली. तिसरा मजला. तिची कॉट बाहेरच्या खोलीत खिडकीशी टाकली. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. नुसती भिंत. तिच्यावर पावसाळ्यात शेवाळ येतं आणि उन्हाळ्यात जातं. निसर्ग म्हणून एवढाच.

आई तक्रार करणाऱ्यांतली नाही. पण रोज सकाळी विचारायची, "नदीला पाणी किती हाय रं?" सावेडीला नदी नाही हे तिला ठाऊक होतं. मी आपलं "आहे थोडं" म्हणायचो. दुसरा प्रश्न वेळेचा. रक्तदाबाची गोळी सकाळी नवाला घ्यायची. पण भिंतीवरच्या घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. "त्याला कोन बगतं? दिस बाभळीवर आला की मी गोळी घ्यायची." इथं बाभूळही नव्हती आणि दिवसही समोरच्या इमारतीच्या मागं उगवायचा.

दिवाळीत भाचा आला. त्यानं मला त्याचा एक जुना संगणक देऊन ठेवला होता. त्याच्यात विंडोज चालेनाशी झाल्यावर त्यानंच लिनक्स घातलं होतं. सोसायटीचा जमाखर्च मी त्यावर लिहितो. त्याचा पडदा आईच्या कॉटच्या बरोबर समोर येतो. भाचा म्हणाला, "मामा, आजीला गावाकडची खिडकी इथंच देऊ या. वॉलपेपर करू. हलता."

वॉलपेपर हा शब्द मला बँकेतल्या नोकरीपासून माहीत होता. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा प्रत्येकाच्या पडद्यावर एक हिरवीगार टेकडी आणि वर निळं आकाश. समोर दुष्काळी गावातला कर्जदार हात जोडून बसलेला आणि माझ्यापुढे ही टेकडी! फार दिवस मला वाटायचं, हे चित्रच असणार. इतकं हिरवं खरं नसतं. पण तो खरा फोटो निघाला. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं तो १९९६ साली रस्त्याच्या कडेला थांबून काढला, आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर तो जगभरच्या टेबलांवर गेला. गंमत म्हणजे त्या भागातल्या द्राक्षबागा किडीमुळे उपटल्या गेल्या होत्या, म्हणून तिथं गवत माजलं होतं. म्हणजे ती टेकडीही एका अर्थी नुकसानग्रस्त शेतकऱ्याचीच. माझ्या कर्जदाराला हे सांगितलं असतं तर त्याला थोडा धीर तरी आला असता.

कामाच्या मागे चित्र लावायची हौस मात्र संगणकाची नव्हे. आपल्या संगीत नाटकांत नट पुढं गायचा आणि मागं रंगवलेला पडदा असायचा. राजवाडा, रस्ता किंवा अरण्य. गावोगावच्या कंपन्यांना तेच तीन पडदे पुरत. दुष्यंत असो की दारूबंदीचा प्रचार असो, अरण्य तेच. पडद्यावरचं झाड हलत नसे. हललंच, तर मागून कुणीतरी चहा घेऊन चाललंय असं समजावं. पण चित्र हलावं ही इच्छा तेव्हाही होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' काढली. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्यापुढं सरकवून ते रामायणातली पात्रं पडद्यावर हलवून दाखवत. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईला आला १८९६ मध्ये. म्हणजे कल्याण चार वर्षं पुढं होतं.

संगणकाच्या पडद्याला 'टेबल' समजायची कल्पना अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातली. तिथं १९७३ मध्ये 'ऑल्टो' नावाचं यंत्र झालं, आणि पडद्यावर कागद पसरावेत, उघडावेत, मिटावेत ही रीत तिथून वाढली. टेबल आलं म्हटल्यावर टेबलक्लॉथ आलाच. १९८४ च्या मॅकिंटॉशवर आठ आडवे आणि आठ उभे ठिपके काळेपांढरे करून आपल्याला हवी ती नक्षी पडद्याच्या पार्श्वभूमीला देता यायची. आमच्या आईनं ते यंत्र पाहिलं असतं तर म्हणाली असती, ही तर ठिपक्यांची रांगोळी. पुढं रंग आले, फोटो आले, आणि मग ते हलवायचा ध्यास आला. २००७ साली विंडोज व्हिस्टाच्या सगळ्यांत महागड्या आवृत्तीत टेबलाखाली चक्क चलच्चित्र चालवायची सोय निघाली. त्या धबधब्यापायी यंत्राला घाम फुटायचा. २०१० पासून ॲन्ड्रॉइडच्या मोबाइलवर हलत्या भिंती आल्या. २०१८ मध्ये ॲपलनं एका वाळवंटाचं चित्र दिलं. दिवस चढेल तसा त्यावरचा उजेड बदलायचा. लोकांनी फार कौतुक केलं. भाचा मात्र नाक मुरडून म्हणाला, "फेडोरा लिनक्सवर हे २००७ लाच होतं, मामा." लिनक्सवाली माणसं वारकऱ्यांसारखी असतात, कुठलीही गोष्ट आपल्याकडे आधीपासून होती हे ती शांतपणे सांगतात.

पण त्यानं पुढं सांगितलं ते मला जास्त आवडलं. एम.आय.टी. या अमेरिकन संस्थेत १९८४ साली 'एक्स' नावाची खिडक्यांची व्यवस्था तयार झाली. लिनक्सवाल्यांचं पुष्कळ वर्षं तिच्यावरच चाललं. या एक्समध्ये सगळ्या खिडक्यांच्या मागं एक मूळ खिडकी असते. ती कधी मिटत नाही. तिच्यावर काय रंगवायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. कुणी तिच्यावर बर्फ पाडला, कुणी पेंग्विन नाचवले. आणि कुणी पृथ्वी काढली: 'एक्सअर्थ' नावाचा प्रोग्राम, आणि मागाहून हरी नायर यांनी लिहिलेला 'एक्सप्लॅनेट'. सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूला उजेड, बाकी अंधार. भाचा तीन वर्षं अमेरिकेत होता तेव्हा त्याच्या टेबलामागं ती पृथ्वी फिरत असायची. "हिंदुस्थानावर उजेड आला की मी घरी फोन करायचो. आकडेमोड करायची गरज नाही. भिंतीकडं बघायचं."

हे ऐकून माझ्या डोक्यात एक उजेड पडला. ज्ञानदेवांनी भिंत चालविली ती करमणुकीसाठी नव्हे. कुणीतरी लांबून आलं होतं, त्याच्या भेटीला जायचं होतं. भिंत चालते ती कुणाच्या तरी भेटीलाच.

दुसऱ्या दिवशी भाचा गावाला गेला. त्यानं मागच्या खिडकीत मोबाइल बांधून ठेवला आणि एक दिवस, एक रात्र दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला. एकूण एकशे चव्वेचाळीस. मग मला म्हणाला, "ठरलेल्या वेळी ठरलेला फोटो लावायचा. शेल स्क्रिप्ट लिहा. बारा ओळींचं काम आहे." आणि सुट्टी संपली म्हणून पुण्याला निघून गेला. जगातली सगळी अवघड कामं बारा ओळींचीच असतात.

शेल म्हणजे कवच किंवा शिंपला. संगणकाच्या आतल्या गाभ्याभोवतीचं कवच. आपण त्याच्याशी बोलायचं, ते आत निरोप नेणार. म्हणजे साहेबाच्या दाराबाहेरचा शिपाईच. हा शब्द लुई पूझाँ या फ्रेंच गृहस्थांनी १९६४-६५ च्या सुमारास रूढ केला. नंतर बेल लॅबोरेटरीत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभं केलं. त्याला थॉम्प्सन यांनीच १९७१ साली पहिलं शेल दिलं. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचं शेल आलं, आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं 'बॅश', म्हणजे 'पुन्हा जन्मलेलं बोर्न' अशी इंग्रजी कोटी. पुनर्जन्मावर विश्वास ठेवणारी माणसं सगळीकडे असतात, फक्त कबूल करत नाहीत.

शेलला एकेक आज्ञा द्यायची आणि त्यानं ती पाळायची. त्याच आज्ञा कागदावर उतरवून दिल्या की झाली स्क्रिप्ट. लग्नघरात आपण आचाऱ्याला यादी देतो, तशी. यादी दिली की आपण मांडवात मिरवायला मोकळे.

पण या शिपायाचा स्वभाव मला कळायला आठ दिवस गेले. एक तर त्याचं व्याकरण. 'इफ' म्हणून वाक्य उघडलं की मिटताना तोच शब्द उलटा लिहायचा: 'एफ आय'. 'केस' उघडली की शेवटी 'केस' उलटी. कोर्टात केस उलटते हे मला ठाऊक होतं. शेलमध्ये ती उलटल्याशिवाय निकालच लागत नाही. ही बोर्नसाहेबांनी अल्गोल ६८ या भाषेवरून घेतलेली हौस. त्या न्यायानं 'डू' चा शेवट 'ओ डी' व्हायला हवा होता. पण 'ओडी' नावाचा एक नोकर युनिक्समध्ये आधीच कामाला होता, म्हणून तिथं 'डन' आलं. तो ओडी आकडे अष्टमान पद्धतीत मांडून दाखवायचा. हे 'अष्टमान' वाचकांनी ध्यानात ठेवावं. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं घडलं.

दुसरं, शेलला मोकळी जागा सोसत नाही. चाळीस वर्षं मी खातेवह्यांत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना टापटिपीची मोकळी जागा सोडत आलो. इथं तसं लिहिलं तर शेल म्हणतं, अशी आज्ञाच नाही. फोटोंच्या कप्प्याला मी प्रेमानं नाव दिलं 'आईची खिडकी'. मधल्या जागेमुळं शेलला त्या दोन वस्तू वाटल्या. 'आईची' सापडत नाही. 'खिडकी' सापडत नाही. रात्री अकरा वाजता पडद्यावर एकाखाली एक आलेली ती दोन वाक्यं वाचून मला उगीचच गलबलून आलं. भाच्यानं फोनवर उपाय सांगितला: नाव अवतरणचिन्हांत घाला. घातलं. आई आणि खिडकी एकत्र आल्या.

तिसरा मुद्दा वेळेचा. दर दहा मिनिटांनी स्क्रिप्ट आपोआप चालावी यासाठी 'क्रॉन' नावाचा एक पहारेकरी असतो. त्याला वेळ सांगायची तर पाच रकाने भरावे लागतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पाच अंगं! म्हणजे पंचांगच की. मी ते भक्तिभावानं भरलं. काहीच झालं नाही. कारण क्रॉन पडद्यामागं काम करतो. चित्र कुठल्या पडद्यावर लावायचं हे त्याला माहीतच नसतं. त्याला पडद्याचा पत्ता देणारी एक ओळ वर घातली. तो सतरावा प्रयत्न. आणि दुपारी दोन वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत प्रवरा आली.

आई कितीतरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी कमी हाय." मग दहा मिनिटांनी सावली सरकली तेव्हा म्हणाली, "हां." बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि माझ्याकडे, लग्नानंतर दुसऱ्यांदा, आदरानं बघितलं.

त्या दिवसापासून मी संगणकावर काम करणं बंद केलं. कारण जमाखर्चाची खिडकी उघडली की आईची खिडकी झाकली जाते. सोसायटीच्या सभासदांनी हिशेब मागितला तर मी गंभीरपणे सांगायचो, "तांत्रिक अडचण आहे." वॉलपेपर दिसावा असं वाटत असेल तर काम करू नये, हा या शास्त्राचा मूळ सिद्धान्त आहे. तो मात्र कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही.

आई आता दिवस त्या खिडकीवरून मोजू लागली. चार वाजून चाळीस मिनिटांनी एक धोतरवाला माणूस म्हैस घेऊन नदीकडे जायचा. तो दिसला की चहा. अंधार पडला की सांजवात. आणि दिवस बाभळीच्या शेंड्यावर आला की गोळी.

पण गोळीची वेळ चुकायला लागली. नऊची गोळी दहाला जाऊ लागली. मी रागावलो. आई म्हणाली, "मी काय करू? तुझा दिस सातावर थांबतोय. दहा वाजले की एकदम उडी मारतोय बाभळीच्या वर." मी पाहिलं तर खरंच. सातपन्नासपर्यंत सूर्य ठाकठीक चढायचा. आठ वाजता थांबायचा तो थेट दहालाच हलायचा. रोज. चिलटं जागच्या जागी, बगळा एका पायावर, पाणी थिजलेलं. गावाला दोन तास ग्रहण लागल्यासारखं.

भाचा रविवारी आला. त्यानं आधी टपाल उघडलं. क्रॉनला काही अडचण आली की तो ओरडत नाही. मालकाला पत्र लिहितो. रोज दोन तासांत बारा खेपा, बारा पत्रं. नऊ दिवसांची एकशे आठ पत्रं पेटीत पडली होती, आणि मी पेटी उघडलीच नव्हती. एक जपमाळ झाली. सगळ्या पत्रांत मजकूर एकच: आकडा पायाच्या मानानं फार मोठा आहे.

मग भाच्यानं उलगडा केला. फोटोचा क्रमांक काढायला मी तासाला सहानं गुणून त्यात मिनिटांचा दहावा भाग मिळवत होतो. गणित बरोबर होतं. पण घड्याळ तास सांगतं तो दोन आकड्यांत: शून्य सात, शून्य आठ. आणि शेलमध्ये शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान समजला जातो. ही रीत डेनिस रिचींच्या सी भाषेतून आलेली. युनिक्स १९६९ साली ज्या पीडीपी-७ यंत्रावर जन्मलं, त्याचा शब्द अठरा बिटांचा. त्याचे तीन-तीनचे सहा गट पडतात, आणि तीन बिटांत शून्यापासून सातापर्यंतचेच आकडे बसतात. म्हणून त्या लोकांना आठाच्या हिशेबात मोजायची सवय. अष्टमानात आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत. सातानंतर एकदम दहा!

मी थक्क झालो. यंत्र केव्हाच मोडीत निघालं. पण त्याच्या हिशेबाची सवय पन्नास वर्षांनी सावेडीत येऊन माझ्या आईचा सूर्य अडवते आहे! पण हसायचं कुणी? १९५७ च्या एप्रिलपासून आपल्याकडे दशमान नाणी आली, तरी आमची आई पिकाचा अंदाज अजून आण्यांत सांगते. "औंदा बारा आणे पीक." मोजायची सवय यंत्राआधी जात नाही आणि यंत्राबरोबरही जात नाही.

उपाय एका चिन्हाचा होता. तास सांगताना पुढचं शून्य गाळ, असं घड्याळाला सांगणारी एक आडवी रेघ. ती घातली आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता दिवस बाभळीच्या शेंड्यावर आला. आईनं गोळी घेतली.

असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आषाढात एका संध्याकाळी गावाकडून चुलतभावाचा फोन आला. मी बोलायला गॅलरीत गेलो. चार दिवस झड लागली होती. मातीच्या घरांना ती सोसत नाही. आमची मागची भिंत खचली होती. खिडकीसकट. कुणाला लागलं नाही एवढंच नशीब.

मी आत आलो. पडद्यावर खिडकी तशीच होती. दिवाळीतलं ऊन, दिवाळीतलं पाणी. आई बघत होती. मला तिला काही सांगवेना. भिंत पडली ती पडली, निदान ही तरी चालते आहे. आईला कळायचं काय कारण? असं मी चार दिवस मनाशी घोकलं. पण पडद्याकडं बघणं मात्र मला नको झालं. लबाडी बारा ओळींची असली तरी लबाडीच.

पाचव्या दिवशी चार-चाळीसला धोतरवाला आला. आई म्हणाली, "ही म्हस दिवाळीला गाभण व्हती. पार शेवटाला आलेली. आषाढ निम्मा झाला, आजून व्याली न्हाई. आन् ह्या बाबानं धोतर बदललं न्हाई."

मी गप्प.

"मागली भित पडली ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू ग्यालरीत जाऊन बोललास तवाच कळलं. घरातला मानूस ग्यालरीत जाऊन बोलतोय म्हंजे येक तर उधारी, न्हाई तर पडझड."

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग हे बंद करू?"

"कशापायी? पडलेली भित का कुनाला बगायचीय? चालू दे." मग म्हणाली, "खरं तेवढं म्हशीचं काय झालं ते बगून ये."

भाच्याला फोन केला. तो पुढच्याच शनिवारी गेला. खिडकी नव्हती, म्हणून पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यावर तिकाटणं उभं करून, मोबाइलवर प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यानं पुन्हा एकशे चव्वेचाळीस फोटो घेतले. वर भंडारदऱ्याच्या बाजूला पाऊस झाला होता; १९२६ सालचं ते धरण भरत आलं होतं आणि खाली प्रवरा दोन्ही थड्या धरून चालली होती. मी स्क्रिप्टमध्ये फक्त कप्प्याचं नाव बदललं. या खेपेला अवतरणचिन्हांसकट.

सकाळी आईनं पाणी पाहिलं. विचारलं काहीच नाही. नुसती मान हलवली. चार-चाळीसला आम्ही तिघंही पडद्यापुढं बसलो होतो. धोतरवाला आला, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. मागं म्हैस. आणि म्हशीच्या मागं, चिखलात पाय रोवत, एक रेडकू.

"सुटली बिचारी," आई म्हणाली.

मला मात्र नवीच काळजी लागली होती. आषाढातले एकशे चव्वेचाळीस फोटो, आणि सूर्य त्यांतल्या एकातही नाही. सगळा दिवस ढगाखाली. बाभूळही पुरात निम्मी बुडालेली. मी म्हटलं, "आई, आता गोळी कशावर घेणार तू?"

"त्यात काय?" आई म्हणाली, "घड्याळ हाय की भितीवर."